काकीला दिसतं म्हणे

मिरजोळे, रत्नागिरी
२२ डिसेंबर २०२५

चि. वेदिका हिस सावित्रीकाकीचे अनेक आशीर्वाद.

तर त्या सकाळी खळं झाडून झालं होतं, सडा घालून झाला होता आणि मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. तुझे काका हंडा घेऊन दारात उभे. विहिरीवर जात नव्हते आणि का जात नाहीत तेही सांगत नव्हते. शेवटी म्हणाले, तूही चल, दोर जड झालाय. दोर काही जड झाला नव्हता. आदल्या संध्याकाळी आम्ही विहिरीतल्या बाईचा सिनेमा बघितला होता. तो सगळा त्यांनी तोंडावर टॉवेल घेऊन, गेली का गं ती, असं विचारत विचारत बघितला. मी भाकरी तव्यावर टाकून गेले, परत आलो तर करपलेली. ती त्यांनीच खाल्ली.

वर्षातले आवडलेले भुताचे सिनेमे लिही म्हणालीस, आणि पहिल्यांदा हेच आठवलं. ते गेल्याला दोन पावसाळे झाले. आता शेजारी टॉवेलवालं कोणी नाही, म्हणून मलाच थोडी भीती वाटायला लागली आहे. हे फोनवर बोलायचं नाही, पत्रातच लिहायचं, असं आपलं ठरलंय ते बरं. फोनवर तू शेवट सांगून टाकतेस.

नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, गोष्टी राहतात. तिसरा नंबर केरळातल्या नावाड्याला. माणसं होडीतून उतरतात आणि धक्क्यावर ओलं पाऊल उमटत नाही. एवढंच. दुसरा जपानी, शाळेच्या घंटेचा. खालची अक्षरं इतकी भराभर पळतात की अर्धं भूत माझं मीच रचलं, तरी आवडला. पहिला मात्र तो इंडोनेशियाचा. एकटी सून, बंद खोलीत केसांतून फणी फिरल्याचा आवाज, आणि घरातली सगळी तिला म्हणतात, दमली आहेस, झोप. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. मला त्या गोड बोलणाऱ्या माणसांचीच भीती वाटली. आपल्याकडचा तो घाटातल्या बंगल्याचा तू डोक्यावर घेतलास, मला हसू आलं. भुताच्या आधी धूर, धुराच्या आधी ढोल. वीज जाण्याआधी एवढी सूचना मिळाली तर किती बरं होईल.

आपल्या बागेतही एक आलंय हो. दिवेलागणीला मागच्या आंब्याच्या कलमांतून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज येतो. मी खिडकीतून विचारलं, चहा घेणार का. पुढच्या वर्षी पहिला नंबर त्याला.

आईबाबांना विचारलं म्हणून सांग. माया आहे तेवढी ठेव, वाढवलीस तरी हरकत नाही.

तुझी,
सावित्रीकाकी


डोंबिवली
३० डिसेंबर २०२५

ती. सावित्रीकाकीस वेदिकाचा सा. न. वि. वि.

बंगल्याच्या सिनेमाला हसलीस याचा निषेध. ढोल असले तरी त्या आरशाच्या प्रसंगाला तूही दचकली असशील, खरं सांग. माझा पहिला नंबर कोरियाच्या लिफ्टवाल्याला. तो बघितल्यापासून मी चौथ्या मजल्यावर जिन्याने जाते. आई म्हणते, चला, भुताने पोरीला व्यायाम तरी लावला. फणीचा मीही बघितला, पण मला मेला कंटाळा आला. भूतच नाही तर घाबरायचं कोणाला?

तुझं पत्र जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. चहा घेणार का, यावर आईला हसून हसून ठसका लागला. बाबा मात्र हसले नाहीत. आवाज विहिरीच्या अंगाने येतो की रस्त्याच्या, आणखी काय काय दिसतं, झोप लागते का, हे सगळं काकीला नीट लिहायला सांग म्हणाले. तेव्हा नीट लिही. रविवारी ते तिकडे येणारच आहेत.

मोहोर कसा आहे? तब्येतीला जप, आणि माझ्यावर रागावायचं असेल तेव्हा बंगल्यावरून रागाव.

तुझी,
वेदिका


मिरजोळे
८ जानेवारी २०२६

चि. वेदिका हिस आशीर्वाद.

आज सिनेमाचं काही नाही. आवाज मांडवावरच्या सुटलेल्या, माडाच्या झावळ्यांच्या झापाचा होता, वाऱ्याने घासत होता. बांधला, थांबला.

पण सोमवारी शेजारची सखू अंगारा घेऊन आली आणि विचारायला लागली, त्याला पाय आहेत का. मी हसले. मग दुकानात गेले तर रितेश, जो एरवी तोंड वर करून बोलत नाही, म्हणाला, काकी, सामान मी घरी पोचवतो, तुम्ही एकट्या फिरू नका. काकीला दिसतं म्हणे, हे माझ्या आधी बाजारात पोचलं होतं. मी ते फक्त तुला लिहिलं होतं, तेही थट्टेने. तेव्हा सरळ विचारते. नीट लिही, हे तुझे शब्द की भावोजींचे?

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, भावोजी दोन माणसं घेऊन आले होते. एक जण बूट घालूनच बागेत गेला आणि कलमांकडे पाठ करून रस्त्याकडे बघत राहिला. मोहोराकडे न बघणारा माणूस जानेवारीत आमच्या बागेत मी पहिल्यांदाच बघितला. भावोजी म्हणाले, वहिनी, दादा गेल्यापासून राखण चुकली, राखणदार रागावलाय, म्हणून तुम्हाला दिसतं. येत्या अमावास्येला, रविवारी, भावकीला बोलावून राखण मीच देतो. मग तुम्ही आमच्याकडे डोंबिवलीला चला. डोळ्यांत पाणी आणून बोलत होते. मला त्या फणीच्या घरात बसल्यासारखं झालं.

तू मुंबईकडची, तुला माहीत नसेल. राखण म्हणजे बाग सांभाळणाऱ्या देवाला वर्षातून एकदाच, दिवस कुठलाही, नारळ आणि कोंबडा. आमच्या वाडीत राखण जो देतो त्याची जमीन, असं सगळे धरून चालतात, कागद मागाहून. वाटणी कधीच झाली आहे. भावोजींनी पाली गावातला आपला हिस्सा विकला, ही बाग तुझ्या काकांच्या वाट्याची. आम्हाला मूलबाळ नाही. ही कलमं त्यांनी बांधली, मी पाणी घातलं. दोन वर्षांत राखणीची आठवण कोणाला झाली नाही, ती आताच का झाली?

उत्तर लवकर दे. माया आहे, पण आज ती जरा हात राखून आहे.

सावित्रीकाकी


डोंबिवली
१२ जानेवारी २०२६

ती. काकीस सा. न. वि. वि.

शब्द बाबांचे होते. मी गंमत म्हणून पत्र वाचलं आणि त्यांनी विचारलं ते तसंच लिहिलं, दुसरं काही नव्हतं माझ्या मनात. तुझं पत्र आल्यावर मी त्यांना विचारलं. मोठ्यांच्यात पडू नकोस म्हणाले. पण काल गॅलरीत फोनवर कोणाला तरी सांगत होते की रविवार होऊ दे, भावकीसमोर राखण मी दिली की वहिनी काही बोलू शकणार नाही, आणि बोलली तरी तिचं कोण ऐकणार, तिला भास होतात हे गावाला माहीत आहे.

ते माझे बाबा आहेत, काकी. मी त्यांना काय म्हणू? हे दार लावून लिहिते आहे आणि बाहेर कोणी चाललं तरी दचकते आहे. फणीचा सिनेमा मला कंटाळवाणा वाटला होता.

तू काय करणार ते मला आधी सांगू नकोस. मला विचारतील आणि मला खोटं बोलता येत नाही.

मला एकदम परकी करू नकोस.

वेदिका


मिरजोळे
१६ जानेवारी २०२६

चि. वेदिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. कोणी फोडून परत चिकटवलंय का, म्हणून पाकीट उजेडात धरून बघितलं. इथपर्यंत आले मी. तुझ्यावरचा संशय पार गेला असं लिहिणार नाही, पण बापाविरुद्ध एवढं लिहायला काय लागतं ते मला कळतं.

भावोजींचे फोन सुरू आहेत. वहिनी, गोळी घेतलीत का, असं मोठ्याने विचारतात. मी कसलीच गोळी घेत नाही. फोन स्पीकरवर असावा, मागे माणसं खोकत होती. सखू काल उंबऱ्याबाहेरूनच बोलून गेली. एकटी बाई वेडी ठरायला काही लागत नाही गं. एकाने काळजी करायची आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या.

गुरवाला विचारून आले, बाईने राखण दिली तर चालते का. म्हणाला, असं आजवर झालं नाही. चालत नाही, असं मात्र म्हणाला नाही. तुझे काका देवापुढे गाऱ्हाणं घालायचे तेव्हा मी लांब, दगडी गडग्यापाशी उभी असायचे. बायकांनी जवळ जायचं नसतं. पण वारा माझ्या बाजूला असायचा, शब्द न् शब्द ऐकू यायचा. यंदा मोहोर चांगला आहे. ते असते तर रोज झाडाखाली उभे राहून मला हाका मारत बसले असते, बघ गं, बघ गं म्हणून.

भीती वाटते का, असं विचारशील. वाटते. रविवारी खळ्यात भावकी जमेल, त्यातला एकही माझ्याकडे सरळ बघणार नाही, याची वाटते.

वेळेवर जेवत जा. परकी केली नाही, करणार नाही.

तुझी,
सावित्रीकाकी

ता. क. शनिवार, १७ जानेवारी. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं, म्हणून लिहिते. आज सकाळी आंघोळ करून मागच्या कलमांत गेले. सखूला, रितेशला आणि गुरवाला बोलावून समोर उभं केलं. राखणदारापुढे नारळ फोडला, कोंबडा दिला, आणि गाऱ्हाणं मी घातलं.