नऊवारी आणि पंधरा नंबरचा बिल्ला

१९ सप्टेंबर १९९६

विम्यावाल्याने दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडलीय. आजपासून मी लिहिणार. चौथी शिकले म्हणून काय झालं, अक्षर माझं टीचरपेक्षा मोठं येतं.

काल टीव्हीवर एक बाई सांगत होती, स्टाइल असली की कॉन्फिडन्स आपोआप येतो. आणि ठरवलेलं लिहून ठेवलं की तो टिकतो. बाई माझ्याच वयाची. केस कापलेले. तिचा नवरा काय म्हणाला ते सांगितलं नाही.

कारण असं. आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्षा इंदिराबाई, त्यांचे गुडघे गेले. त्या खुर्ची सोडणार. सेक्रेटरी जगन्नाथराव म्हणाले, दोन नावं आहेत, एक तुमचं आणि एक जयलक्ष्मी टीचरचं. २७ ऑक्टोबरच्या दसरा मेळाव्याला पुण्याहून प्रोफेसरबाई येणार. स्वागत मी करायचं, आभार टीचरने मानायचे. मग कमिटी ठरवणार.

वीस वर्षं मेळाव्याचा स्वयंपाक मी बघते. स्टेज मला माहीत आहे ते खिडकीतून, हातात झारा धरून. आता बस झालं.

२० सप्टेंबर

यजमानांना सांगितलं. भुजंगराव पेपरातून वर न बघता म्हणाले, भाषण पाठ कर. मी म्हटलं, सुम्नीर. गप्प बसायला सांगितलं की ते लगेच बसतात, एवढं एक चांगलं आहे.

भाषण चार ओळींचं. वनजा लिहून देणार. मुलगी बँकेत आहे, तिला जमतं. पाठ करायला किती वेळ लागतो? आधी स्टाइल.

२८ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या तुंगाच्या पार्लरला गेले. आयब्रो केल्या. तुंगा एका बाजूची करताना फोनवर बोलत होती, ती भुवई बारीक झाली. मग दुसरी तिच्या जोडीला बारीक केली. मग पहिली परत. मी म्हटलं, अय्यो, आता थांब, काहीतरी ठेव.

घरी आल्यावर यजमानांनी पाच मिनिटं बघितलं. म्हणाले, काय झालं? कसलं आश्चर्य वाटतंय तुला?

त्यांना फॅशन कळत नाही. रेल्वे वर्कशॉपात आयुष्य गेलं.

४ ऑक्टोबर

उंच टाचेच्या चपला घेतल्या. घरात सराव. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना फ्रिज धरावा लागतो. स्टेजवर फ्रिज नसणार, पण तिथे कॉन्फिडन्स असेल.

वनजाने भाषण दिलं. "आपल्या आगमनाने आम्ही कृतार्थ झालो आहोत." मी विचारलं, कृतार्थ म्हणजे काय? म्हणाली, मलाही नीट माहीत नाही अम्मा, पण असंच असतं. कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. हरवायला नको.

९ ऑक्टोबर

मुख्य गोष्ट सुचली. आपलं मराठी कसं, अर्धं कन्नड. "बेगा ये, ऊट झाला का" असं, म्हणजे लवकर ये, जेवण झालं का. पुण्याची बाई तोंडावर हात ठेवून हसेल. टीचर हुशार, पुस्तकासारखं बोलते. तिला बोलण्यात हरवता येणार नाही. पण मी नऊवारी नेसून समोर उभी राहिले तर? घोडदळातून इथे आलेल्यांची सून. नथ, चंद्रकोर. बाई बघूनच गार. बोलायची गरजच नाही.

यजमान म्हणाले, आपल्यात नऊवारी आता कोण नेसतं? फक्त पोरी, फॅन्सी ड्रेसला. मी वळून बघितलं. आश्चर्य आधीच चेहऱ्यावर होतं.

१३ ऑक्टोबर

बसने टी. नरसीपूरला गेले, यजमानांच्या आत्याकडे. भागीरथीबाई. आमच्यात नऊवारी नेसता येणाऱ्या त्या एकट्या उरल्यात. दार उघडलं तर आत्याबाई मॅक्सीत. फुलाफुलांच्या. म्हणाल्या, बसमध्ये चढताना एकदा काष्टा अडकला, बस निघाली, मी पळाले. त्या दिवसापासून नेसत नाही.

ट्रंकेतून हिरवी नऊवारी काढली. मॅक्सीवरच नेसून दाखवायला लागल्या. निऱ्यांपर्यंत ठीक. पुढे विसरल्या. मग म्हणाल्या, डोळे मिटले की हाताला आठवतं. मिटले, आणि खरंच काष्टा पाठीमागे जाऊन खोचला गेला. मी म्हटलं, आता हळू करून दाखवा. डोळे उघडून दाखवायला गेल्या तर सगळं सुटलं.

तर पद्धत मला कळली आहे. डोळे मिटायचे.

लुगडं घेऊन आले. तिथल्या नद्यांच्या संगमावर जायला वेळ झाला नाही. देवाला बसमधूनच नमस्कार केला.

२० ऑक्टोबर

घरात दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्यात, त्यातल्या राणीची साडी बघून जरा अंदाज घेतला. तिला पायच नाहीत. उपयोग नाही.

नथ टीचरकडून आणली. तिच्याकडेच होती, काय करणार? दाबून बसवायची आहे. टीचर म्हणाली, जपा हं सुमित्राबाई, फार घट्ट आहे, आणि भाषणाला शुभेच्छा. जळते.

भाषण उद्यापासून.

२५ ऑक्टोबर

पिठाचा डबा उचलला तर भाषणाला तेल लागलेलं. "कृतार्थ" दिसतं, बाकी अंदाजाने.

यजमान विचारत होते, यंदा चिरोटी कोण तळणार? मी म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी शिकावं. अध्यक्षा चिरोटी तळत नाही.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ

झालं. दणक्यात झालं. क्रमाने लिहिते.

वनजाने नेसवलं. डोळे मिटून बघितलं, काही आठवलं नाही. मग घरातल्या सगळ्या सेफ्टी पिना लावल्या. बसता येत नव्हतं, म्हणून मंडळाच्या हॉलमध्ये उभीच राहिले. त्यामुळे पर्सनॅलिटी उठून दिसली.

बाईंची गाडी लेट. तोवर पोरांचा कार्यक्रम सुरू झाला. मी स्टेजच्या पायऱ्यांपाशी, आपला नंबर लागेल म्हणून तयार. तिथे संगीत शिकवणारे नरसिंहमूर्ती वही घेऊन बसले होते. कन्नड माणूस, आमच्यातलं कुणाला ओळखत नाहीत. पण माणसाची पारख आहे. मला बघून उठले आणि बिल्ला लावला, पंधरा नंबरचा. मोठ्या लोकांना बिल्ला असतोच. मग म्हणाले, अम्मा, चला, एकदा इकडून तिकडे चालून दाखवा.

मी चालले. फ्रिज नव्हता तरी चालले! मध्यावर त्यांनी माइक धरला, नीवु यारु? तुम्ही कोण? मी ठणकावून सांगितलं, मी सुमित्रा, भुजंगरावांची बायको, आमचे लोक राजाच्या घोडदळात होते! काय टाळ्या पडल्या. वीस वर्षांत माझ्या चिरोटीलासुद्धा एवढ्या पडल्या नाहीत. टीचर तोंडाला पदर लावून बसली होती. जळून.

मग बाई आल्या. म्हैसूर सिल्क नेसून. केसांत हातभर मल्लिगेचा गजरा. आणि आल्या आल्या माइकवर, एल्लरिगू नमस्कार, सगळ्यांना नमस्कार! सगळा हॉल खूश. पुण्याहून येऊन हे असं कन्नडात. माणसाने आपलं आहे ते नेसावं की नाही?

स्वागताला मी उभी राहिले. नथ इतकी घट्ट की डोळ्यांत पाणी. "कृतार्थ" शिंकेबरोबर आलं. नथ उडाली ती बाईंच्या हारात अडकली, जगन्नाथरावांनी काढली. पुढचं भाषण आठवेना. मी थोडक्यात घेतलं. म्हटलं, या. बसा. जेवून जा.

बाई हसल्या. खरंच बसल्या, जेवल्यापण. चिरोटी मात्र काळी होती. सारू, म्हणजे आमटी, तळाला लागलेलं. स्वयंपाकघरात कुणी धड नव्हतं, मी तरी कुठे कुठे बघणार?

निघताना जगन्नाथराव म्हणाले, सुमित्राबाई, तुमचं बक्षीस राहिलं, उद्या घरी येऊन घेऊन जा. अध्यक्षपद असं सगळ्यांसमोर सांगत नसतात. मी समजले.

२८ ऑक्टोबर

सकाळीच गेले. टाचेच्या चपला घालून. जगन्नाथरावांच्या बायकोने कॉफी दिली. टीचर आधीच बसलेली, समोर हार. काल सगळे गेल्यावर कमिटीने तिला अध्यक्षा केलं.

मला डबा दिला. प्लास्टिकचा, हिरवा, झाकणावर बदक. वेषभूषा स्पर्धा, बालगट, उत्तेजनार्थ. नरसिंहमूर्तींचा शेरा जगन्नाथरावांनी वाचून दाखवला. जुन्या काळच्या शिपायाची बायको. अभिनय अगदी नैसर्गिक. आत्मविश्वास उत्तम.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पहिला नंबर कुणाचा, मी विचारलं. मंडळातल्या पद्मनाभच्या नातवाचा. नंजनगूडचं रसबाळे केळं झाला होता. पिवळी पिशवी घालून उभा, बोललाही नाही.

टीचर दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, पुढच्या वर्षी चिरोटी तुम्हीच करा हं, काल फार वाईट वाटलं. मी म्हटलं, आयतु, बरं. करते. नथ परत दिली.

चपला हातात घेऊन घरी आले. यजमानांनी डबा उघडून बघितला, झाकण लावलं, म्हणाले, घट्ट बसतं, हिंगाला चांगलं. हिंग भरला. नऊवारी घडी घालून आत्याबाईंसाठी काढून ठेवली.

भुवया अजून तशाच वर चढलेल्या. आश्चर्य मात्र कसलंच राहिलं नाही.