दारावरची भोकं

भाऊजी,
नमस्कार करते. तुमच्या भावाला न सांगता लिहितेय. अक्षर वाईट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

काल जागेच्या मालकाच्या ऑफिसातला कारकून आला होता. फ्लॅट आपला असला तरी लीजवरचा, ठरावीक वर्षांच्या करारावरचा आहे, आणि ते लीज संपत आलंय. ते वाढवलं नाही तर घर मालकाकडे जाईल. मामंजी गेले तरी लीज अजून त्यांच्याच नावावर, म्हणून दोन्ही मुलांच्या सह्या पाहिजेत म्हणाला. दारावरची भोकं बघून त्यानं विचारलं, "म्हाताऱ्यांच्या नावाची पाटी कुठंय?" मी म्हटलं, पॉलिशला दिलीय. भांडून जाताना तुम्ही ती उचकटून नेलीत, हे परक्याला कशाला सांगू?

हे म्हणतात, "घर गेलं तर गेलं, त्याच्या पाया पडणार नाही." बोलायला काय जातंय यांचं? पोरीला घेऊन मी राहू कुठे? तिला कडेवर घेतली की त्या भोकांत बोट घालून खिदळते.

लिहिता लिहिता वाटलं, हे पत्र पोस्टात टाकूच नये. तुम्ही न वाचता फाडाल. त्यापेक्षा उद्या पोरीला आणि हे पत्र घेऊन तुमच्या दारातच येते. पुतणीच्या तोंडावर काही तुम्ही दार लावणार नाही.

फक्त सही द्या. पाटी हवी तर ठेवा तुमच्याकडे. भोकं मी बुजवलेली नाहीत, आणि बुजवणारही नाही.

तुमची धाकटी भावजय