धोंड्याचा मान आणि डाव्या पंखातलं बटण

लाखनी (मुक्काम सासरी),
अधिक महिना, भर दुपार

आदरणीय मनिषदादा यांस,

राजकुमारचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. ('ठीक' हा शब्द मी एकदा खोडून परत लिहिला आहे. पत्र संपेपर्यंत तो तुम्हाला कितपत पटेल, सांगता येत नाही.) वहिनींची कंबर आता कशी आहे? नागपुरात कूलरला पाणी पुरतं का? तुमची बहीण रुपा मजेत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. कारण तुमचे बाबा, म्हणजे आमचे मामाजी, आणि त्यांचं विमान.

बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबाच्या लिलावातून मामाजींनी आणलेलं ते चार सीटचं विमान माझ्याहून वयाने मोठं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या सानगडीच्या गिरणीत ते तांदळाच्या पोत्यांशेजारी उभं असतं. त्याच्या पंखात पेट्रोलसाठी जो रबरी ब्लॅडर असतो (फुटबॉलात असतो त्याच जातीचा, फक्त याच्या भरवशावर माणसं वर जातात), त्याचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं, आणि तेही तो पेट्रोलने ओला राहिला तर. तांदळाला वास लागेल म्हणून सासूबाईंनी गोदामात पेट्रोलचा थेंब येऊ दिला नाही, आणि ब्लॅडर कोरडा पडून तडकला. दोष कुणाचा यावर मी बराच विचार केला. तांदळाचा नाही, एवढंच ठरलं. मामाजींनी विमान बाहेर ओढून टाकी भरून पाहिली तेव्हा पंखाखाली ओल दिसली. मी ती काळजीने दाखवली, तर म्हणाले, "पाझरून राहिलं थोडंसं, जवाईबापू. या वयात माणसाचंबी पाझरते."

तरी त्यांनी डाव्या पंखासाठी नवा ब्लॅडर मागवला, आणि त्याच दिवशी जाहीर केलं की यंदा धोंड्याला जावयाला चांदीचं ताट नाही, विमानाची पहिली फेरी. मोठा जावई म्हणून मान माझा. रुपा गल्लीभर सांगून आली. मी फक्त विचारलं, की आधी एखादं तांदळाचं पोतं बसवून पाहिलं तर? तिथून अबोला सुरू झाला. (मी भितो की सावध आहे? रोज रात्री डायरीत हा प्रश्न लिहितो आणि उत्तराची जागा कोरी सोडतो.)

नवा ब्लॅडर घडी घालून आला होता, कडक. तो गच्चीवर कुरडयांशेजारी ऊन दाखवून मऊ केला. पंखाच्या एवढ्याशा भोकातून तो आत सरकवायचा आणि आतली बटणं हाताने चाचपून लावायची. घरात सर्वांत बारीक हात माझा निघाला. रबर चिकटू नये म्हणून वरून पावडर लावतात. पावडर नव्हती, तेव्हा सासूबाईंनी अनारशांसाठी काढलेली तांदळाची पिठी दिली. उन्हाळा आपल्या भंडारा जिल्ह्याचा, त्यात माझा घाम, त्यात पिठी. कोपरापर्यंत खळ झाली आणि हात पंखात अडकला.

तेवढ्यात धोंड्याचा मुहूर्त आला. सासूबाई ताट घेऊन गोदामात हजर. "मुहूर्त चालला ना जी. हात राहू द्या तिथंच, तोंड इकडं करा." मी निरांजनाकडे आणि पेट्रोलच्या टाकीकडे बघून ओरडलो. मामाजींनी निरांजन विझवून ताटात टॉर्च ठेवला, आणि पंखाला लटकलेल्या जावयाचं टॉर्चने औक्षण झालं. अनारसा सासूबाईंनी स्वतः भरवला. छान झाला होता.

पुढे तेल ओतून हात सुटला. पण मागच्या कोपऱ्यातलं शेवटचं बटण लागलं की नाही, याची मला खात्री नाही. 'टक्' ऐकू आलं असं वाटतं, पण ते कदाचित माझ्या मनगटाचं असेल. ते निसटलं तर ब्लॅडर आत लोळेल, टाकी भरलेली दिसेल आणि इंजिन उपाशी राहील. मी लगेच तसं सांगितलं. मामाजी म्हणाले, "वर गेल्यावर मालूम पडते."

विमानं तपासणारे इंजिनिअर तुम्ही; तुम्ही शेरा लिहून सही केल्याशिवाय विमान हलणार नाही, एवढाच आधार आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
राजकुमार

ता. क. : खोटा शेरा लिहा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण खरा शेरा लिहायलाही वेळ लागतोच. तो अधिक महिना संपेपर्यंत लागला तर? महिना उलटल्यावर धोंड्याचं वाण देत नाहीत, आणि पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येतो.

ता. क. २ : पाकीट बंद करायच्या आधी हे लिहितो. आत्ता गोसीखुर्दहून डिंपल आणि कवडूराव आले. मामाजी त्यांना म्हणाले, "मोठ्या जवायाचं जमत नसन तं तुमी बसा." धाकटे जावई म्हणाले, "मी तं तयारच हावो जी," आणि गॉगल आणायला बाजारात गेलेसुद्धा. रुपा माझ्याकडे बघून आत गेली. तेव्हा पहिला ता. क. रद्द समजावा आणि उद्याच निघावं. ते बटण तपासा, कसून तपासा. सैल निघालं तर मी परत हात घालीन. पण सीट माझी आहे.