सव्य, अपसव्य आणि चार पंखे

॥ ग्रामदेवी प्रसन्न ॥

गडमुडशिंगी, मंगळवार

वेदशास्त्रसंपन्न गुरुबंधू ज्ञानोबाशास्त्री, मुक्काम हातकणंगले, यांच्या चरणी आकारामाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या असहकारामुळे तो मनोमनच घातला आहे; तसाच स्वीकारावा.) आपला कफ आणि वहिनींची कंबर यांस उतार पडला असावा, अशी देवीपाशी प्रार्थना आहे. येथे सर्व क्षेम. तसे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. वस्तुस्थिती पुढे येतेच आहे. (फोनवर बोललो असतो, परंतु मागील खेपेस आपण ‘अपसव्य’ हा शब्द ‘आपला सव्वा’ असा ऐकलात आणि चर्चा गुळाच्या भावाकडे गेली.)

चैत्रातल्या पालखीवर दीपमाळेवरून पुष्पवृष्टी करण्याचा मान आमच्या घराकडे आहे, हे आपण जाणताच. वडिलांमागे तो मी पाळत आलो. यंदा मात्र दीपमाळेच्या पहिल्या दगडावर पाय ठेवताच गुडघ्याने मला जमिनीवर आणले. ही वार्ता फुटताच धैर्यशीलने (सरपंचांचा पुतण्या, त्याच्यापाशी जेसीबी आहे आणि तो बारशालासुद्धा जेसीबीच नेतो) यात्रा समितीपुढे प्रस्ताव मांडला की, पुष्पवृष्टी जेसीबीच्या बकेटातून व्हावी. ज्या बकेटात काल गटारातला गाळ, त्याच बकेटात उद्या देवीची फुले! मी उभा राहून (खरे तर बसूनच) निषेध केला. समितीने निर्णय दिला की, शुक्रवारी पालखी उठण्यापूर्वी आकारामांनी दुसरा उपाय सिद्ध करून दाखवावा. न जमल्यास मान जेसीबीकडे जाईल, आणि एकदा गेलेला मान परत येत नसतो.

तेव्हा माझी नात संयोगिता (अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे, संधी सोडवताना चुकते, पण मोटारी अचूक जोडते) म्हणाली की, आपण एक छोटा ड्रोन करू. त्याच्या पोटाशी पाकळ्यांची झोळी बांधू आणि कळ तुम्हीच दाबा. आपल्याच हातून फुले पडणार, हे ऐकून माझे डोळे भरून आले. ते पुसण्यापूर्वीच मी यंत्राच्या रचनेविषयी मार्गदर्शन आरंभिले, आणि तेथेच घात झाला.

प्रथम मी सुचवले की, यंत्र देवीचे आहे, सबब ते अष्टभुज असावे. त्यावर ती म्हणाली, “आजोबा, आठ मोटारी लावल्या तर आरती व्हायच्या आधी बॅटरी संपंल की!” मी उदारपणे चार भुजांवर आलो. चार भुजा चार दिशांना असाव्यात, एक सरळ पुढे, हे माझे मत. तिचे म्हणणे असे की, पुढची भुजा झोळीच्या आड येते. म्हणून भुजा तिरप्या हव्यात. तिने आकृती काढली. ज्ञानोबा, ती चक्क फुली होती! चुकलेल्या उत्तरावर आपण जी मारतो, ती. ती फुली देवीच्या डोक्यावर? “फुली न्हाय आजोबा, गुणिले हाय,” असे ती म्हणाली. गुणाकार वृद्धिकारक असल्याने मी तेथेही माघार घेतली.

परंतु पुढे जे कळले, त्यावर मौन अशक्य होते. या चार पंख्यांपैकी दोन प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट! पितृकार्याची ती अपसव्य दिशा, भर चैत्रात, भरल्या पालखीवर! मी निक्षून सांगितले की, चारही पंखे सव्यच फिरतील, नाहीतर मी कळ दाबणार नाही. संयोगिता “बघाच एकदा,” म्हणाली आणि तिने पंखे बदलून दिले.

काल सकाळी अंगणात चाचणी झाली. पंखे अत्यंत शास्त्रोक्त फिरले. मात्र त्यांच्या त्या एकमुखी जोराची परतफेड म्हणून यंत्राचा देहच उलटा गरगरू लागला. म्हणजे दोन पंख्यांचा दोष टाळण्यासाठी मी संपूर्ण यंत्रास अपसव्य प्रदक्षिणा घालायला लावली! त्या भोवऱ्यातून झोळी सुटली आणि देवीसाठी निवडलेल्या सगळ्या पाकळ्या नेमक्या दारात आलेल्या धैर्यशीलवर पडल्या. (तो दीपमाळेची उंची विचारायला आला होता.) त्याने हात जोडले. “आजोबा, पालखीच्या आधीच मला मान दिलासा व्हय?” तोवर यंत्र म्हशीच्या गव्हाणीत उतरले होते. म्हशीने झोळीतला उरलासुरला झेंडू खाल्ला आणि यंत्र निर्विकारपणे चाटले.

मी खिन्न होऊन ओट्यावर बसलो असता आमच्या चिमणाबाई (ज्यांनी माझे कोणतेही मत आजवर प्रथमश्रवणी मान्य केलेले नाही) ताक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आवं, लगीन झाल्यापास्नं तुमी एकीकडं फिरतासा, मी दुसरीकडं, म्हणून तर घर जाग्यावर हाय न्हवं? त्या मशिनीला बी एक बायकू द्या की.”

हे वचन कोणत्या ग्रंथात नाही, हे मी जाणतो. तरीही रात्रभर त्यावर चिंतन केले. शिवालयात आपण सोमसूत्रापर्यंत, म्हणजे पिंडीच्या पन्हळीपर्यंत, सव्य जातो आणि तेथून अपसव्य परततो. ते शास्त्रमान्यच आहे. मग शिवाला चालणारे सव्यापसव्य शिवपत्नीस का चालू नये? आपण या विषयाचे अधिकारी आहात. दोन ओळींचा निर्णय लिहून पाठवावा. समितीत कुणी आक्षेप घेतलाच, तर तो माझ्या हाती असू द्यावा. वहिनींस नमस्कार, नातवंडांस आशीर्वाद, आणि या वृद्धावरचा स्नेह चढता ठेवावा, कारण मला स्वतःला चढणे आता जमत नाही.

आपला,
आकाराम

ता. क. शास्त्रात आधार सापडल्यास उत्तर तातडीने धाडावे. न सापडल्यास घाई करू नये. सोमवारी पोस्टात टाकले तरी चालेल.

ता. क. दुसरा. ज्ञानू, तुझ्यापासून काय लपवू? उलटे पंखे आज पहाटेच परत लावले. कळ मीच दाबली. यंत्र वर गेले आणि भिंतीवरच्या तसबिरीसारखे जागच्या जागी उभे राहिले. खाली चिमणाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. सगळ्या पाकळ्या त्यांच्या डोक्यावर पडल्या. त्यांनी वर पाहिले नाही. पदरावरची एक पाकळी तेवढी कानामागे खोवली आणि म्हणाल्या, “आता कुटं सरळ आलासा.”