बापाचं काम

झिंज, मनामा
४ एप्रिल २०२५

ती. आबांस,
रंजिताचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून सुट्टीवर निघालेल्या इलियासभाईंच्या हाती पत्र देते. आम्ही खुशाल आहोत. इथे बहरीनमध्ये उन्हाळा लागला, आता यांना एसीच्या कामातून डोकं वर काढता येणार नाही.

तुमची नात तनू बारावीची परीक्षा देऊन सिनेमाच्या मागे लागली आहे. विलायतेतल्या एका कॉलेजात ते शिकवतात. तिथे स्वतः केलेली छोटी फिल्म मेअखेर पाठवायची आहे, आणि तिला अठरा पूर्ण नाहीत म्हणून बापाची सही हवी. हे म्हणतात, इंजिनीअरिंग, रत्नागिरी, खलास. दोघांत बोलणं बंद आहे. जेवताना मी मधे बसून भाजी इकडून तिकडे देते.

ती ज्यांच्या नादी लागली आहे ते विलायती पोरांचे सिनेमे मीही तिच्याबरोबर पाहिले. बहुतेकांत तेच. एक टोळी कोट-टाय लावून स्कूटरवर, दुसरी चामड्याच्या जाकिटात मोटरसायकलवर. सुट्टी लागली की समुद्रावर जाऊन मारामारी. जिवलग दोस्त उलटतो. आई भांडी घासत असते. बाप कारखान्यातून येऊन पेपरमागे बसतो आणि एक दिवस उठून पोराला घराबाहेर काढतो. पोरगं एकटंच रस्त्यानं चालू लागतं. तनूनंही केस मुलासारखे कापलेत, जाड बूट घालून हिंडते. यांना वाटतं, पोरगी हातची गेली.

तुम्ही यांना दोन शब्द लिहा. कुणाच्या बाजूचे, ते तुम्हीच ठरवा. आईंना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर आहे, तसाच राहू दे.

तुमची,
रंजिता


वरचीवाडी, ता. गुहागर
२८ एप्रिल २०२५

चि. सौ. रंजिता हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावलं. खजूरही पावले, पैकी निम्मे तुझ्या सासूनं लपवले आहेत. इलियास परत निघाला आहे, त्याच्याकडेच हे देतो.

विलायतेचं वाचून हसू आलं. यंदा शिमग्यात आपल्या वाडीची पोरं एकसारखे भगवे शर्ट घालून, तर खालच्या वाडीची काळे चष्मे लावून. पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचवायची, यावरून धक्काबुक्की झाली. आम्ही म्हातारे मधे पडलो. पालखी देवळात गेली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. त्या वयात आपण कोण हे कपड्यांनीच सांगावं लागतं, कारण सांगायला दुसरं काही जमलेलं नसतं.

कैलासला मी लिहिणार नाही. बापाचं ऐकायचं त्याचं वय गेलं. पण मला सांग, तनूच्या फिल्ममध्ये बापाचं काम कोण करतंय? त्यालाच उभा करा. आपल्या गावच्या नमन-खेळात सोंग घ्यायला तो लाजायचा, पण घेतलं की निभवायचा. तू मात्र त्याला काही बोलू नकोस, तिनं विचारू दे.

तुझी सासू म्हणते, केस वाढतात. बाकी कुशल. एकमेकांना धरून राहा, एवढंच मागणं.

रावजी


झिंज, मनामा
१७ मे २०२५

ती. आबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

काल शूटिंग संपलं, म्हणून लगेच लिहिते.

फिल्ममध्ये एक मुलगी घर सोडून जाते, एवढीच गोष्ट. मुलगी तनूच. रस्त्यावरचे प्रसंग इथल्या जुफैर भागात घेतले, अमेरिकी नौदलाच्या तळापासून लांब, नाहीतर कॅमेराच गेला असता. स्कूटर मिळाली ती जेवण पोचवणाऱ्या नावेदची, मागच्या पेटीसकट.

बापाच्या कामाला तनूच्या मैत्रिणीचे, हुदाचे, वडील लतीफभाई उभे राहिले होते. पण मुलीला हाकलायचं आलं की त्यांना हसू फुटायचं. शेवटी माफी मागून गेले. तेव्हा तनूनं यांना विचारलं. हे म्हणाले, शुक्रवारी सुट्टी आहे, अर्धा तास देईन.

यांनी कंपनीचा निळा शर्ट घातला. घरात पेपर येत नाही, म्हणून सुपरमार्केटच्या जाहिराती हातात धरल्या. हुदा कॅमेऱ्यामागे, तनू बॅग घेऊन दाराशी. यांनी एवढंच म्हणायचं होतं की निघून जा, परत तोंड दाखवू नकोस. आवाज असा चढवला की स्वयंपाकघरात मीच दचकले. पण तनूनं दाराबाहेर पाय टाकला आणि यांना पुढचा शब्द फुटेना. घरातून निघालेल्या माणसाला आपल्यात नुसतं जा कुणी म्हणत नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडलं. तनू वैतागली, म्हणाली की बाबा, हे खोटं आहे, नुसतं म्हणायचं आहे. पुढच्या वेळी हे जाहिराती खाली ठेवून दाराशी गेले, तिच्या बॅगेचा पिळलेला पट्टा सरळ केला आणि म्हणाले, "नीट जाऊन ये."

हुदानं कॅमेरा बंद करू का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं. तनू जिन्यात तशीच उभी होती.

मग तिनं यांना ऐकवलं की फिल्म बिघडली, असा बाप एकाही सिनेमात नाही. हे म्हणाले, नसेल. तिनं तोच तुकडा ठेवला आहे. संध्याकाळी यांनी तिला विचारलं, सही कुठे करायची, आणि तिकडे थंडी कधी पडते.

जागा मिळते की नाही ते जुलैत कळेल. मिळाली तर आमच्यावरची माया तुम्हाला दोन पत्त्यांवर पाठवावी लागेल. तिला मोठ्या अक्षरांत लिहा. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, पण वाचीन म्हणाली.

तुमची,
रंजिता