म्बेगेचा डेरा आणि इसालेचे पान

मी सिआएली न्देरिंगो लिइमो, वय चर्चच्या वहीप्रमाणे अठ्ठ्याहत्तर, माझ्या मते ऐंशीच्या पुढे, धंदा म्बेगे, म्हणजे केळ्यांची दारू, काढणे, राहणार म्विका, किलिमांजारोच्या उतारावर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे उभे राहून सांगत नसताना हे मृत्युपत्र करत आहे. लिहिणारे शायो मास्तर आहेत, कारण पळी धरून धरून माझी बोटे वाकडी झाली आहेत. मी बोलेन तेच लिहायचे, सुधारायचे नाही, असे त्यांना बजावले आहे.

१. घर, केळीची बाग आणि तिच्यातली कॉफीची झाडे रिवाजाप्रमाणे धाकट्या मुलाची, किवियाची. थोरल्या एलिन्गायाला त्याच्या बापाने लग्नातच वेगळी बाग दिली आहे, त्याने कुरकुर करू नये. माझा नवरा न्देरिंगो बागेतच पुरलेला आहे. मला त्याच्या शेजारी जागा ठेवावी. तो फार घोरायचा, पण आता गप्प आहे.

२. गाय शेजारीण अपाइसारिया हिला. माझे गुडघे गेल्यापासून चारा तीच घालते, गाईलाही तिचाच आवाज कळतो. अपाइसारिया समोरच बसली आहे आणि "मला कशाला गं?" म्हणते आहे. मास्तर, तेही लिहा, आणि गाय तिलाच लिहा.

३. पोरीबाळी म्बेगे शिकायला येतात आणि अर्धेच ऐकून जातात. त्यांच्यासाठी ही माझी खरी इस्टेट. सालीवर काळे ठिपके आल्याशिवाय केळ्यांना हात लावू नये. सोलून मंद आचेवर लालसर होईपर्यंत शिजवावीत, मग आंबायला झाकून ठेवावीत. उकाड्यात चार दिवस, जुलैच्या थंडीत सहा. दिवस मोजण्यापेक्षा वास घ्यावा. नाचणीला मोड आणून ती उन्हात वाळवावी. घाई झाली म्हणून चुलीवर वाळवू नये, मोड जळतात. कडवटपणाला म्सेसेवेच्या झाडाची साल घालावी, पण जपून. जास्त झाली तर पाहुणे पोट धरून बसतील. भांडे राखेने घासावे, साबणाने नव्हे. आणि नाचणीची पेज थंड झाल्याशिवाय केळ्यांच्या गाळलेल्या रसात ओतू नये. बोट बुडवावे. बोटाला ऊब लागली तर थांबावे. ऊब लागली तर थांबावे. हे मास्तरांनी मुद्दाम दोनदा लिहिले आहे.

४. लांब दांड्याची पळी, गवताची गाळणी आणि भोपळ्याचे सगळे प्याले किवियाच्या बायकोला. वरच्या वळणावरच्या बाईला काही देऊ नये. ती केळी कमी घालते, साखर जास्त, आणि वर तोंड करून सांगते, "सिआएलीची म्बेगे फार जड." जड असणारच, बाई, केळी असतात तिच्यात! मात्र माझ्या मयताला ती आली तर तिला पोटभर पाजावी.

५. मातीचा मोठा डेरा माझी मुलगी मांका हिला. ती टांगा शहरात असते. इथे सगळा गाव नाताळला घरी येतो, ती येत नाही. कारण मी आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी एलिन्गायाच्या सोयरिकीला वधूकडची माणसे यायची होती. मला घाई झाली. मी पेज ओतायला घेतली तेव्हा मांकाने बोट बुडवून पाहिले. म्हणाली, "आई, अजून गरम आहे." मी म्हटले, "चल, मला शिकवायला आलीस? तू जन्मायच्या आधीपासून काढतेय मी." आणि ओतली. गरम पेजेने रसाचे आंबणे मारले. दुसऱ्या दिवशी डेऱ्यात म्बेगे नव्हती, गोडमिट्ट चिखल होता. रिवाजाप्रमाणे पहिला घोट काढणारीचा. मी तो घेतला आणि मला सगळे कळले. वधूच्या काकाने एक घोट घेऊन प्याला केळीच्या बुंध्याशी ओतला. माणसे माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "मांकाने काढलीय. हिच्या हाताला यश नाही."

हे खोटे होते. पण माझ्या तोंडून निघाले म्हणून गावाने खरे मानले. त्यानंतर तिला कोणी म्बेगेला बोलावले नाही, लग्नाचेही कोणी विचारले नाही. वर्षभराने ती गाठ मारलेले इसालेचे पान घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ते पान घेऊन कोणी माफी मागितली तर नाही म्हणता येत नाही. मी पान घेतले आणि म्हटले, "जा, माफ केलं." न केलेल्या चुकीची माफी दिली मी तिला. दुसऱ्या सकाळी गेली ती गेलीच. मला माझी लाज वाटते, आणि मला ती हवी आहे.

म्हणून मी मेल्यावर हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि माझ्या वतीने इसालेचे पान मांकाच्या हातात द्यावे.

इथे अपाइसारिया उठून उभी राहिली. "मेल्यावर? अगं, मग तिनं माफ केलं म्हणायचं कुणाला? तुझ्या थडग्याला? जिवंत आहेस तोवर पाठव की!"

"आणि नाही आली तर?"

"नाही तर नाही. तू तरी अठरा वर्षांत तिच्याकडे कुठे गेलीस?"

मास्तर, वरचे "म्हणून मी मेल्यावर" ते "हातात द्यावे" हे वाक्य खोडा. कुंपणावरचे इसालेचे पान मी स्वतः तोडले, गाठ मारून एलिन्गायाच्या हातात दिले आणि त्याला टांगाला जाणाऱ्या बसमध्ये बसवले. त्याने विचारले, "आई, तिला सांगू काय?" मी म्हटले, "सांग, पेज गरम होती."

वरील मजकूर अठरा डिसेंबरला लिहिला. सही राहिली होती. पुढचे आज तेवीस तारखेला लिहून घेत आहे.

मांका काल आली. केस पांढरे झाले आहेत तिचे. मी चार दिवस जुळवून ठेवलेले एकही वाक्य मला आठवले नाही. मी नुसती रडले. ती म्हणाली, "पुरे आता. नाताळाची पेज कुठवर आलीय?" आज सकाळी मी भांडे डेऱ्यावर तिरपे केले, तर तिने माझे मनगट धरले. पेजेत बोट बुडवले. म्हणाली, "आई, अजून गरम आहे."

मी भांडे खाली ठेवले. आम्ही दोघी थांबलो आहोत.

वाचून दाखवले, ऐकले, मान्य आहे.

सिआएली न्देरिंगो लिइमो (सही, वाकडी पण माझीच)

साक्षीदार: अरिस्टिडेस शायो, शिक्षक. एलियामानी मोशा, चर्चमधले ज्येष्ठ. अपाइसारियाला गाय मिळते आणि मांकाला डेरा, म्हणून मास्तरांनी त्या दोघींना सही करू दिली नाही.

म्विका, २३ डिसेंबर २०११