मागून येणारी गाडी

३ ऑगस्ट १९८६

आज मला फार आनंद झालाय, म्हणून नातीची, रुपालीची, शाळेची अर्धी कोरी वही मागून घेतली. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षर बरं आहे असं मास्तर म्हणायचे. ही वही कोणी वाचणार नाही. नातीला मराठी वाचता येत नाही, सुनेला, सुनेत्राला, वेळ नाही, आणि अनिल माझा पोरगा असून पेपरसुद्धा उभ्याउभ्या वाचतो.

झालं असं. पलीकडच्या गल्लीत गॅरेज सेल होता. अमेरिकेतल्या ह्या वेस्ट विंडसरची ही रीत मला आवडते. घरातली अडगळ अंगणात मांडायची आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचं. कराडला असं केलं असतं तर लोक विचारायला आले असते, दिवाळं निघालं का म्हणून. तर एका खोक्यात शर्यतीच्या, खेळण्यातल्या बोटाएवढ्या गाड्या होत्या. रॅली म्हणतात त्या शर्यतीला, डोंगरातून चिखलातून पळवतात. त्या मी बघितल्या नाहीत. खाली एक व्हॅन पडली होती. टपावर टायर बांधलेले, मागचं दार उघडतं, आत इवलासा जॅक. रुपालीने विकणाऱ्या बाईला विचारून मला सांगितलं की आजी, ही रेसमध्ये नसते, ही मागून मागून जाते आणि कुणाची कार बंद पडली की फिक्स करते.

मी तिथेच ओरडले, अगं, ही तर ह्यांची गाडी!

हे एसटीत मेकॅनिक होते. कराड डेपोची ब्रेकडाउन व्हॅन ह्यांच्या ताब्यात. कुंभार्ली घाटात कुठेही लाल गाडी बंद पडो, हे उठले आणि निघाले. ह्यांची सगळी नोकरी मी झाकलेल्या ताटासमोर बसून काढली. अमेरिकेला यायचं म्हणून पासपोर्ट काढून ठेवला होता, आणि त्याआधीच गेले. तेव्हाही ताट झाकलेलंच होतं.

व्हॅन घेतली. एक पुरे. मला काही छंदबिंद लागायचा नाही.

२४ ऑगस्ट

एकटी व्हॅन केविलवाणी दिसत होती, म्हणून आणखी घेतल्या. जुन्या बाजारात एक टोपीवाला म्हातारा बसतो, तो आता माझ्यासाठी वेगळ्या काढून ठेवतो. शर्यतीच्या गाड्या पुढे करतो, मी मान हलवते, तो हसतो. आता एक वेल्डिंगची गाडी आहे, एक पेट्रोलच्या डब्यांची, आणि एक उंच ट्रक, जो आफ्रिकेच्या वाळवंटात शर्यतीमागून जातो म्हणे. एका व्हॅनवर दारूच्या कंपनीचं नाव आहे. ह्यांनी जन्मात सुपारी खाल्ली नाही, म्हणून ती बाजू भिंतीकडे केली.

म्हातारा सांगत होता की डबा फोडू नका, बंद डब्यातल्या गाडीला मान असतो. मी सगळे फोडले. डब्यात बसून कोणाच्या मदतीला जाणार?

अनिलने माझ्या खोलीत फळी ठोकून दिली, गॅरेजकडच्या भिंतीला. मध्ये ह्यांचा फोटो, पुढे गाड्या. आता नवीन घ्यायची नाही.

२८ ऑगस्ट, संध्याकाळ

घाईने लिहितेय. भीतीने नाही.

देवाजवळ दिवा लावला, हात जोडले, तर भिंतीतून घर्रर्र असा आवाज आला आणि टायरवाली व्हॅन आपल्या आपण पुढे आली. फळीच्या कडेला येऊन, नाक बाहेर काढून थांबली. पाठोपाठ ग्रीसचा वास. तोच, ह्यांच्या खाकी सदऱ्याचा, जो सोड्याने धुऊनही जायचा नाही. मी तशीच उभी. तेवढ्यात अनिल आत आला, किल्ल्या टेबलावर टाकल्या, आई चहा आहे का म्हणाला.

म्हणजे पोरगा सुखरूप घरी पोचतो का ते बघत, मागून आले होते. हयातीत आले नाहीत, ते आता आले. मला इतका आनंद झालाय की पोळी करपली.

१४ सप्टेंबर

रोज येतात. अनिलच्या जरा आधी. रविवारी अनिल सोफ्यावर लोळत असतो, तेव्हा येत नाहीत. बरोबरच आहे, घरात बसलेल्याला ब्रेकडाउन व्हॅन कशाला?

मंगळवारी वादळ झालं आणि वीज गेली. अनिलने गाडी रस्त्यावरच ठेवली, भिजत आत आला. त्या दिवशी हे आले नाहीत. अंधारात वाट दिसली नसेल. तेव्हापासून खोलीतला दिवा जळत ठेवते. मी भिते म्हणून नाही, त्यांना दिसावं म्हणून.

घरात कोणाला काही पत्ता नाही. काल रुपालीने विचारलं, आजी तू शेल्फशी का बोलतेस. मी म्हटलं, धूळ पुसते. धूळ पुसताना बोलत नाहीत का कोणी?

२८ सप्टेंबर

अनिलला नवी नोकरी लागली. चँडलरला, ॲरिझोनात. काहीतरी चिपा करतात, आपल्या बटाट्याच्या नाही. घर संध्याला विकलं, ती ओळखीतलीच, चारुदत्तची बायको. दिवाळी झाली की निघायचं. सुनेत्रा म्हणाली, आई, तिकडे थंडी नाही, तुमचे गुडघे खूश होतील. गुडघ्यांचं काय घेऊन बसलीय.

ह्यांना हा एकच पत्ता माहीत आहे.

मी घाबरलेली नाही. उपाय काढीन. डोंगराघाटात, धुक्यात, ज्यांना नुसत्या निरोपावरून बंद पडलेली गाडी सापडायची, त्यांना ॲरिझोना काय जड? फक्त निरोप पोचला पाहिजे.

५ ऑक्टोबर

रुपालीला आडून आडून विचारलं की एखाद्या माणसाला सोबत न्यायचं असेल तर तुम्ही लोक काय करता. ती म्हणाली, जस्ट कॉल हिम, आजी. नावाने हाक मार.

तिला काय कळणार! लग्नापासून ह्यांना मी कधी नावाने हाक मारली नाही. अहो, ऐकलं का, एवढ्यावर संसार झाला. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि तेही चारजणींनी दार अडवलं तर. रुपाली लगेच म्हणाली, इझी, डिगॅम्बर! मी तिच्या तोंडावर हात ठेवला. व्हॅन जागची हलली नाही. त्या उच्चाराला कोण ओ देईल!

ठरलं. उखाणा करायचा, फळीसमोर उभं राहून स्पष्ट म्हणायचा, आणि सोबत न्यायचं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सगळ्या गाड्यांची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळी शेवंती. डेपोत दसऱ्याला हे व्हॅन धुऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायचे, माणसांआधी तिला पेढा. मी बोट ओलं करून प्रत्येकीच्या काचेवर कुंकू लावलं. दारूच्या कंपनीवर जरा जास्त लावलं, नाव झाकलं गेलं. रुपाली किंचाळली, ओ माय गॉड, आजी, यू रुइन्ड देम! नंबर आणि चट्टेपट्टे कुंकवाबरोबर निघून आले म्हणे. येऊ देत. आता कुठे घरच्या वाटतात.

उखाणा तयार होत नाही. चांदीच्या ताटात मेक्सिकन मिरची, इथवर आलं. पुढे खुर्चीशिवाय काही सुचत नाही आणि ह्यांना खुर्चीत बसलेलं मी पाहिलेलं नाही.

७ नोव्हेंबर

उखाणा झाला! शेगडीसमोर झाला.

अमेरिकेच्या नकाशात ॲरिझोना कोपऱ्यात,
----रावांची व्हॅन येऊ दे माझ्या दारात.

नाव इथे लिहीत नाही. उद्या निघताना म्हणेन. काही चुकायचं नाही.

८ नोव्हेंबर

सामान नेणारी माणसं सकाळीच आली. दोन धिप्पाड गोरे माझ्या खोलीत, एक फोटो गुंडाळतोय, एक फळी उपटतोय. परक्या पुरुषांसमोर नवऱ्याचं नाव? त्यांना कळलं नसतं हे खरं. पण मला कळलं असतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं, तर थँक्यू.

भिंतीला जिथे फळी होती तिथे बोटभर दही लावलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर ठेवतात तसं. गाड्या पर्समध्ये घेऊन विमानात बसले.

२३ नोव्हेंबर, चँडलर

हे अजून आले नाहीत. काळजीचं कारण नाही. आम्ही विमानाने आलो, ते रस्त्याने येणार.

इथे अपार्टमेंट आहे, गाड्या बाहेर नुसत्या पत्र्याखाली उभ्या करतात. अनिल कधी येतो ते किल्ली वाजेपर्यंत कळत नाही. फळी पुन्हा ठोकली, फोटो ठेवला, वाळवंटातला ट्रक सर्वांत पुढे, वाट दाखवायला. संध्याकाळी दिवा लावून उभी राहते. काही वाजत नाही. ग्रीसचा वास नाही. खिडकीतून नुसता डांबराचा आणि धुळीचा.

७ डिसेंबर

ह्यांचा स्वभाव मी विसरलेच होते. वाटेत कोणाची गाडी बंद दिसली की थांबायचं. आपली असो, परक्याची असो. अनिल सांगतो की अमेरिका आडवी केवढी तरी आहे. मग किती गाड्या बंद पडत असतील! वेळ लागणारच.

सुनेत्राने विचारलं, आई, तुम्ही एक पान जास्तीचं का घेता. मी म्हटलं, मोजायला चुकले. चौथीच शिकलेय ना.

१६ डिसेंबर, दुपार

संध्याचा फोन आला. फोन उचलल्या उचलल्या तक्रार. मावशी, ती गॅरेजकडची भिंत काय भयंकर आहे हो! चारुदत्त आला, ऑटोमॅटिक दार वर जायला लागलं, की अख्खी भिंत थरथरते. माझी काचेची फुलदाणी सरकत सरकत आली आणि पडली की! तुम्ही कसं चालवून घेत होतात?

 दाराने काय होतंय! मला कळलं. हे निघालेलेच नाहीत. अजून तिथेच आहेत, रोज संध्याकाळी अनिलला बघायला येतात, आणि अनिलच्या जागी चारुदत्त बघून गोंधळतात. आणि मी इथे रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसलेय. शिवाय परक्या बाईच्या फुलदाण्या सरकवतात. माझ्या घरी कधी पाण्याचा तांब्या सरकवला नाही.

१८ डिसेंबर

झालं एकदाचं. लिहून ठेवते.

तिकडे संध्याकाळ, इकडे दुपार. संध्याला फोन केला आणि म्हटलं, बाई, कारण विचारू नकोस, रिसीव्हर त्या भिंतीपाशी ठेव आणि तू स्वयंपाकघरात जा. ती म्हणाली, मावशी, तुमची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, उत्तम. तिने ठेवला. लांबून तिच्या चपलांचा आवाज जाताना ऐकू आला. मग नुसती शांतता. दोन हजार मैलांवरची माझीच खोली कानाशी धरून मी उभी होते.

पदर घेतला, आणि म्हटला उखाणा. नाव घेतलं. पहिल्यांदा पुटपुटले, म्हणून पुन्हा मोठ्याने घेतलं. आणि मग यमक सोडून देऊन नुसतंच घेतलं. लग्नातला तो मुखदुर्बळ माणूस डोळ्यांसमोर आला, ज्याने माझं नाव घेताना दोनदा ठसका खाल्ला होता.

तिकडून घर्रर्र आवाज आला. अगदी स्पष्ट. निघाले!

वळून बघते तर मागे अनिल. सर्दी म्हणून घरी राहिला होता, मी समजत होते झोपलाय. नाक लाल, डोळेही लाल. त्याने एवढंच विचारलं, आई, तू अण्णांचं नाव घेतलंस? मी म्हटलं, राँग नंबर होता.

३ जानेवारी १९८७

आले नाहीत. बर्फ असेल वाटेत.

१० जानेवारी

अनिलने आज उगाचच माझी फळी उपटली आणि समोरच्या भिंतीला ठोकली. का, तर म्हणे तिथे ऊन लागतं, गाड्यांचे रंग उडतात. ती भिंत उत्तरेची, ऊन कुठलं! आणि रंग तर कुंकवानेच घालवलेत. नव्या भिंतीच्या पलीकडे कपडे धुवायचं मशीन. मी म्हटलं, अरे, धुण्याच्या भिंतीला बापाचा फोटो? त्याने खिळा मात्र दोनदा तपासला, आणि टायरवाल्या व्हॅनच्या चाकांत शिवणयंत्राचं तेल घातलं.

११ जानेवारी

आले! आले! आले!

सुनेत्रा कपडे धूत होती, मी फोटो पुसत होते, भिंत थरारली आणि व्हॅन चालत चालत पुढे आली. कडेला येऊन थांबली. काचेवर कुंकू तसंच. केवढा प्रवास करून आले असतील! मी शिरा केला. अनिलने दोनदा मागून घेतला, आणि माझ्याकडे बघणं टाळलं.

२५ जानेवारी

ह्यांचं जरा विचित्र झालंय. धुण्याच्या दिवशीच येतात. कराडला धुणं काढलं की पहिले घराबाहेर पळायचे. वयाने माणूस बदलतो.

३१ जानेवारी

घरात कोणी नव्हतं. मशीन चालू होतं, व्हॅन चालत होती. मी सहज पलीकडे गेले आणि मशीनचं बटण दाबलं. बंद झालं. परत खोलीत आले. व्हॅन थांबलेली. पुन्हा बटण दाबलं. चालायला लागली. पुन्हा बंद केलं.

फोटोसमोर खुर्ची ओढून बसले. फोटोत हे कुठेतरी भलतीकडेच बघतायत, हे इतक्या वर्षांत आज लक्षात आलं. घरात काही वाजत नव्हतं.

अनिलची यायची वेळ होत आली. मळके कपडे संपले होते. मी कपाट उघडलं, माझ्या धुतलेल्या, घडी घातलेल्या साड्या काढल्या, आणि मशीनमध्ये घातल्या.